कंबरेच्या नसांवरील रेडिओफ्रिक्वेन्सी उपचार: खानदेशातील रुग्णांनी पहिल्या भेटीपासून पुढे काय करावे

खानदेशात कंबरदुखी अंगावर काढण्याची सवय फार जुनी आहे. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीचे 20-25 किलोचे घड खांद्यावरून वाहणारे मजूर, दिवाळीच्या आगेमागे दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाया, भुसावळच्या रेल्वे यार्डात उभ्याने काम करणारे कर्मचारी, धुळ्याहून सुरतेकडे रात्रभर ट्रक हाकणारे चालक अशा सर्वांच्या घरी मलमाची डबी आणि कंबरेचा पट्टा असतोच. अलीकडे त्यांच्यापैकी काहींना डॉक्टर ‘रेडिओफ्रिक्वेन्सी’ नावाचा उपचार सुचवू लागले आहेत. गावाकडे त्याचे नाव ‘नस जाळणे’ असे पडले आहे, आणि त्या नावामुळे काही जण घाबरून मागे सरतात, तर काही जण एका सुईत कंबर कायमची बरी होईल अशा समजुतीने पुढे जातात. हा लेख या दोघांसाठी आहे, आणि ज्यांनी या उपचाराचे नाव पहिल्यांदाच ऐकले आहे अशा घरच्या माणसांसाठीही आहे.

फिजिओथेरपीच्या कामात हा उपचार घेतलेले आणि घेणार असलेले रुग्ण मला भेटत असतात. त्यांना मी सर्वांत आधी एकच गोष्ट सांगतो: सुई तापवण्याचे काम तासाभराचे आहे, पण दुखणे नेमके कोणत्या नसेतून येते हे ठरवण्याचे काम त्याहून कितीतरी मोठे आहे, आणि ते नीट झाले नसेल तर उत्तम यंत्र आणि कुशल हात असूनही गुण येत नाही.

उपचार नेमका काय करतो

कंबरेच्या प्रत्येक दोन मणक्यांमध्ये पुढच्या बाजूला गादी असते आणि मागच्या बाजूला डावीकडे व उजवीकडे एकेक लहान सांधा असतो. या सांध्याला फॅसेट सांधा म्हणतात. वयाप्रमाणे, वजनामुळे किंवा वर्षानुवर्षे वाकून केलेल्या कामामुळे हा सांधा झिजतो, सुजतो आणि दुखू लागतो. त्याची वेदना मेंदूकडे नेणारी एक बारीक नस असते, तिला मिडियल ब्रांच असे नाव आहे. प्रत्येक फॅसेट सांध्याला अशा दोन नसा पोहोचतात. उदाहरणार्थ, कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधील सांध्याची वेदना तिसऱ्या आणि चौथ्या पातळीवरच्या नसा वाहून नेतात. म्हणूनच ‘एकच सांधा दुखतो आहे, मग सुया दोन कशाला’ असा प्रश्न रुग्णाला पडला, तर त्याचे उत्तर या रचनेत आहे. लागून असलेल्या दोन सांध्यांसाठी एका बाजूला तीन नसांवर काम करावे लागते.

उपचारात एक लांब, बारीक सुई त्वचेतून या नसेच्या शेजारी नेली जाते. सुईवर विद्युतरोधक आवरण असते आणि टोकाकडचा साधारण 5 ते 10 मिलिमीटरचा भागच तेवढा उघडा असतो. त्या उघड्या भागातून सुमारे 500 किलोहर्ट्झ वारंवारितेचा विद्युतप्रवाह सोडला की आसपासच्या ऊतींमधील आयन वेगाने हलू लागतात आणि तेथे उष्णता निर्माण होते. तापमान 80 ते 90 अंश सेल्सिअसवर साधारण 60 ते 90 सेकंद, काही ठिकाणी त्याहून थोडे अधिक, स्थिर ठेवले जाते. नसेचे तंतू 45 अंशांच्या वर टिकत नाहीत, त्यामुळे तेवढ्या लहान तुकड्यात नस निकामी होते आणि सांध्याचा वेदनासंदेश पुढे जात नाही. सांधा मात्र होता तसाच राहतो. झिजलेले हाड यातून भरून येत नाही आणि सरकलेली गादी जागेवर बसत नाही.

पायाची ताकद आणि पायाच्या त्वचेची संवेदना या नसेवर अवलंबून नसते. म्हणून ‘नस जाळली तर पाय लुळा पडेल का’ या भीतीला योग्य ठिकाणी आणि योग्य पद्धतीने केलेल्या उपचारात फारसा आधार नाही. ती योग्य जागा पक्की करण्यासाठीच प्रतिमा आणि चाचण्या लागतात, त्यांचा तपशील पुढे येईल.

याच यंत्राचा आणखी एक वापर आहे आणि तो वेगळा ओळखणे गरजेचे आहे. त्याला पल्स्ड म्हणजे तुटक स्पंदांची रेडिओफ्रिक्वेन्सी म्हणतात. त्यात प्रवाह सलग न देता थांबून-थांबून दिला जातो आणि तापमान 42 अंशांच्या वर जाऊ दिले जात नाही, त्यामुळे नस जळत नाही. कंबरेतून निघून पायात उतरणारी, म्हणजे सायटिकाची वेदना असेल तेव्हा मुख्य नसेच्या मुळाजवळ काही तज्ज्ञ ही पद्धत वापरतात. मुख्य नस ही पायाची ताकद सांभाळणारी नस असल्यामुळे तिच्यावर 80 अंशांची उष्णता देता येत नाही. या दुसऱ्या प्रकाराचा पुरावा पहिल्यापेक्षा मर्यादित आहे, हे रुग्णाने आधीच जाणून घ्यावे. माकडहाडाच्या वर, कुल्ल्याच्या बाजूला असलेल्या सॅक्रोइलियाक सांध्यासाठीही रेडिओफ्रिक्वेन्सी वापरतात. तेथे नसा विखुरलेल्या असल्यामुळे सुया अधिक लागतात, किंवा पाण्याने थंड ठेवलेल्या खास सुईने मोठा भाग व्यापला जातो.

पायरी पहिली: धोक्याची लक्षणे तपासा

खालीलपैकी काहीही असेल तर रेडिओफ्रिक्वेन्सीचा विचार बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठावे. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा येणे, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे ही मणक्यातील नसांचा पुंजका दाबला गेल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी काही तासांचा उशीरही कायमचे नुकसान करू शकतो. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यासारख्या डोंगराळ भागातून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायला आधीच वेळ लागतो, म्हणून अशा लक्षणांसह सकाळची वाट पाहू नये.

बारीक ताप, रात्री येणारा घाम, घटलेले वजन आणि कंबर किंवा पाठ दुखणे हे एकत्र असेल तर मणक्याचा क्षयरोग आहे का हे तपासलेच पाहिजे. आपल्या भागात ही शक्यता दूरची समजू नये. पूर्वी कर्करोग झालेला असणे, पडल्या-झडल्यानंतर दुखणे सुरू होणे, दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या असणे, याही गोष्टी डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगाव्यात.

पायरी दुसरी: दुखणे कोणत्या जातीचे आहे ते शब्दांत मांडा

डॉक्टरांपुढे बसल्यावर ‘पूर्ण कंबर दुखस’ असे म्हणून थांबू नये, कारण उपचाराचा निर्णय बऱ्याच अंशी रुग्णाच्या वर्णनावर उभा असतो. फॅसेट सांध्याचे दुखणे साधारणपणे कंबरेच्या एका किंवा दोन्ही बाजूंना, मणक्यालगत असते. ते कुल्ल्यात किंवा मांडीच्या मागच्या भागात पसरू शकते, पण गुडघ्याच्या खाली सहसा जात नाही. सकाळी उठल्यावर ताठरपणा असतो, मागे वाकल्यावर किंवा बराच वेळ उभे राहिल्यावर ते वाढते. मुळाची नस दबली असेल तर वेदना एका ठराविक पट्ट्यात पायात उतरते, पोटरी-पावलापर्यंत जाते, मुंग्या किंवा बधिरपणा असतो आणि खोकल्यावर किंवा शिंकल्यावर कळ मारते. बसताना कुल्ल्याच्या एका बाजूला, कमरपट्ट्याच्या खाली बोट ठेवता येईल इतक्या ठराविक जागी दुखत असेल तर सॅक्रोइलियाक सांध्याचा संशय घेतला जातो. ही वर्णने एकमेकांत मिसळतात, त्यामुळे त्यांवरून निदान ठरत नाही. पुढची दिशा मात्र त्यांवरून ठरते.

येथे एमआरआयबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडे अहवालाच्या कागदाला प्रत्यक्ष तपासणीपेक्षा जास्त मान मिळतो. ‘चौथ्या-पाचव्या मणक्यात गॅप आली आहे’ किंवा ‘गादी फुगली आहे’ असे वाचून घरातले सगळे हवालदिल होतात. पण कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले तरी 20 वर्षे वयाच्या सुमारे 30 टक्के आणि 50 वर्षे वयाच्या सुमारे 60 टक्के लोकांमध्ये फुगलेली गादी दिसते, असे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात आढळले आहे. म्हणजे चित्रात दिसणारा बदल हाच दुखण्याचे कारण आहे असे गृहीत धरता येत नाही. फॅसेट सांध्याच्या बाबतीत तर चित्रातील झीज आणि रुग्णाची वेदना यांचा मेळ फारच कमी बसतो. एमआरआयचा खरा उपयोग क्षयरोग, गाठ, अस्थिभंग किंवा नसेवरचा मोठा दाब नाही ना हे पाहण्यासाठी आणि पायात उतरणाऱ्या वेदनेत नेमकी पातळी शोधण्यासाठी होतो. केवळ अहवाल पाहून, रुग्णाला न तपासता, ‘उद्याच नस जाळून टाकू’ असे कोणी म्हणत असेल तर दुसरे मत घ्यावे.

पायरी तिसरी: आधीचे साधे उपचार खरोखर झाले आहेत का

नुकतीच उसण भरली असेल तर हा उपचार त्यासाठी नाही. बहुतेक वेळा ताजी कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप उतरते. साधारण तीन महिन्यांहून अधिक काळ दुखणे टिकून आहे, नियमित व्यायाम आणि औषधे होऊनही ते 10 पैकी 5 किंवा त्याहून जास्त आहे, आणि रोजचे काम अडले आहे, अशा रुग्णासाठी रेडिओफ्रिक्वेन्सीचा विचार होतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनाही साधारण हेच सांगतात, आणि चाचणी-इंजेक्शनला (संशयित नसेजवळ भूल-औषध देऊन वेदना कमी होते का ते पाहणे, पायरी पाचवी) चांगला प्रतिसाद मिळाल्याशिवाय हा उपचार करू नये असेही त्यांत स्पष्ट म्हटले आहे.

‘व्यायाम केला, फरक पडला नाही’ असे सांगणाऱ्यांना मी विचारतो की नेमका कोणता व्यायाम, आठवड्यातून किती दिवस आणि किती आठवडे. बरेचदा शेकणे आणि मशीन लावणे यालाच व्यायाम समजलेले असते. पोटाचे व पाठीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम किमान सहा ते आठ आठवडे झालेला नसेल, तर तो आधी करावा. मणका ‘बसवून’ देणाऱ्यांकडे जाऊन जोराचे झटके घेणे टाळावे, विशेषतः पाय बधिर होत असेल तेव्हा.

पायरी चौथी: तज्ज्ञ आणि रुग्णालय निवडणे

हा उपचार बहुधा वेदनातज्ज्ञ करतात. ते मूळचे भूलतज्ज्ञ असतात आणि त्यांनी वेदना-उपचाराचे वेगळे प्रशिक्षण घेतलेले असते. काही ठिकाणी मणक्याचे शल्यचिकित्सक किंवा क्ष-किरणतज्ज्ञही तो करतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील भूलशास्त्र आणि अस्थिरोग विभागात वेदना-उपचाराची बाह्यरुग्ण सेवा आहे का, याची चौकशी आधी करावी. जवळ सोय नसेल तर लोक नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सुरत, इंदूर किंवा मुंबई गाठतात. दूर जाणार असाल तर चाचणी-इंजेक्शन आणि मुख्य उपचार यांसाठी वेगवेगळ्या दिवशी दोन-तीन फेऱ्या लागतील, हे धरूनच बेत करावा. प्रवास वाचवण्यासाठी दोन्ही एकाच दिवशी उरकण्याचा आग्रह रुग्णानेही धरू नये.

डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्न सोपे आहेत आणि ते विचारताना संकोच वाटू देऊ नये. माझी वेदना कोणत्या सांध्यातून किंवा नसेतून येते असे आपल्याला वाटते? उपचाराआधी चाचणी-इंजेक्शन देणार का, किती वेळा? उष्णतेची पद्धत वापरणार की पल्स्ड? सुई सी-आर्मखाली, म्हणजे चालू क्ष-किरण चित्र दाखवणाऱ्या यंत्राखाली, घालणार का? गुण आला नाही तर पुढे काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी नाराज होत नाही.

खर्चाबाबत लेखी अंदाज मागावा आणि त्यात सुईचा खर्च, सी-आर्मचा वापर, डॉक्टरांचे शुल्क आणि चाचणी-इंजेक्शनची रक्कम वेगवेगळी दाखवायला सांगावे. किती नसांवर काम होणार यावर रक्कम बदलते. खासगी विमा असेल तर दिवसभराच्या उपचारांत याचा समावेश आहे का, हे विमा कंपनीकडून आधी लेखी मंजुरी घेऊन ठरवावे. महात्मा फुले जनआरोग्य योजना किंवा आयुष्मान भारतचे कार्ड असेल तर योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्राला प्रत्यक्ष भेटून आपला उपचार त्यात बसतो का हे विचारावे, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

पायरी पाचवी: चाचणी-इंजेक्शन

माझ्या मते सगळ्या उपचारात ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच सर्वांत जास्त वेळा घाईत उरकली जाते. ज्या नसेवर संशय आहे तिच्या शेजारी, सी-आर्मच्या क्ष-किरण चित्रात पाहत, अर्धा मिलिलिटर किंवा त्याहून कमी भूल-औषध दिले जाते. औषध इतके थोडे देण्याला कारण आहे. जास्त दिले तर ते आजूबाजूला पसरते, दुसऱ्याच ऊती बधिर होतात आणि आराम कशामुळे मिळाला हे कळत नाही. या भूल-औषधांपैकी लिग्नोकेनचा परिणाम एक-दोन तास आणि ब्युपिव्हाकेनचा त्याहून अधिक तास टिकतो. त्या काळात वेदना बरीच कमी झाली तर दुखणे त्या नसेच्या सांध्यातून येत असल्याचा पुरावा मिळतो. नाही झाली, तर ती नस जाळून उपयोग नाही. असा निकाल आला तर निराश होऊ नये, कारण त्यामुळे एक अनावश्यक उपचार टळलेला असतो.

या चाचणीत रुग्णाचे काम डॉक्टरांइतकेच महत्त्वाचे आहे. इंजेक्शनच्या दिवशी सकाळची वेदनाशामक गोळी घ्यावी की नाही हे आधी विचारावे, कारण गोळीचा आराम आणि इंजेक्शनचा आराम वेगळा काढता येत नाही. झोपेचे औषधही शक्यतो घेऊ नये. इंजेक्शननंतर खाटेवर पडून राहण्याऐवजी, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, ज्या हालचालीने दुखते ती हालचाल मुद्दाम करून पाहावी. मागे वाकावे, रुग्णालयाच्या जिन्यावर चढावे, 20 मिनिटे उभे राहावे, खुर्चीतून उठबस करावी. दर अर्ध्या तासाला 0 ते 10 मध्ये वेदनेचा आकडा वेळेसह वहीत लिहावा, आणि कोणती हालचाल केली तेही लिहावे. संध्याकाळी आठवून लिहिलेला आकडा भरवशाचा नसतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी सोबतच्या माणसाने विचारून लिहावे, मात्र ‘आता बरं वाटतंय ना’ असे सुचवून विचारू नये. डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून आकडा कमी सांगणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्या या भिडस्तपणाचे नुकसान त्यांनाच सोसावे लागते.

किती आराम पुरेसा मानायचा, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. काही जण 50 टक्के पुरेसे मानतात, तर काही जण 80 टक्क्यांचा आग्रह धरतात आणि दुसऱ्या दिवशी दुसरे भूल-औषध वापरून चाचणी पुन्हा करतात. एकाच चाचणीत केवळ अपेक्षेमुळे बरे वाटणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय असते, म्हणून दुसरी चाचणी करणाऱ्यांच्या बाजूने माझा कल आहे, खर्च आणि फेरी वाढते तरीही.

या आग्रहामागे एक मोठा वाद आहे आणि तो रुग्णाला माहीत असावा. 2017 मध्ये रुग्णांवर केलेल्या नेदरलँड्समधील तीन अभ्यासांचे निष्कर्ष जामा या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांत 681 रुग्ण होते. व्यायामाच्या जोडीला रेडिओफ्रिक्वेन्सी घेतलेल्या रुग्णांना नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा रोजच्या आयुष्यात जाणवेल असा जास्त फायदा झाला नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. अनेक वेदनातज्ज्ञांनी त्यावर आक्षेप घेतला, कारण तेथे रुग्णांची निवड एकाच चाचणी-इंजेक्शनवर आणि 50 टक्के आरामावर झाली होती, आणि सुई ठेवण्याच्या पद्धतीबद्दलही त्यांच्या शंका होत्या. वाद अजून मिटलेला नाही. रुग्णापुरता त्यातून निघणारा अर्थ इतकाच की निवड सैल असेल तर फायद्याची खात्री उरत नाही, आणि व्यायाम कुठल्याही परिस्थितीत सोडायचा नाही.

पायरी सहावी: आदल्या दिवसाची तयारी

हृदयासाठी किंवा पक्षाघातानंतर रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, जसे क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम, तर ती स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नयेत. कंबरेची सुई टाळता येते, पण औषध बंद केल्यामुळे आलेला झटका परत घेता येत नाही. ही औषधे चालू ठेवायची, थांबवायची की बदलायची हे हृदयरोगतज्ज्ञ आणि वेदनातज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे असते. छातीत पेसमेकर असेल तर तो या प्रवाहाने बाधित होऊ शकतो, म्हणून ते पहिल्याच भेटीत सांगावे. गर्भधारणेची शक्यता असेल तर क्ष-किरणांमुळे उपचार पुढे ढकलावा लागतो. ताप, दाताचा किंवा लघवीचा जंतुसंसर्ग, कंबरेवर फोड असेल तरीही थांबावे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आहे का हे पाहिले जाते, आणि सुईसोबत स्टेरॉइड दिले तर पुढचे काही दिवस साखर वाढू शकते, याची तयारी ठेवावी.

कापूस वेचणीच्या किंवा केळी काढणीच्या तोंडावर उपचाराची तारीख घेऊ नये, कारण पुढचे दोन-तीन आठवडे जड काम जमणार नाही. सोबत एक माणूस हवाच. उपाशी राहायचे का, आणि किती तास, हे रुग्णालयाच्या सूचनेनुसार करावे. जुन्या एमआरआयच्या फिल्म, औषधांच्या चिठ्ठ्या आणि चाचणी-इंजेक्शनची वही बरोबर ठेवावी.

पायरी सातवी: प्रत्यक्ष उपचार

रुग्णाला पालथे झोपवतात, पोटाखाली उशी ठेवतात, मांडीवर किंवा पोटरीवर प्रवाह परत जाण्यासाठी एक चिकट पट्टी लावतात. ती पट्टी नीट चिकटलेली नसेल तर त्या जागी त्वचा भाजू शकते, म्हणून तेथे चटका जाणवला तर लगेच सांगावे. त्वचा बधिर केल्यावर सुई सी-आर्मच्या चित्रात पाहत हाडाच्या ठराविक कोपऱ्यापर्यंत नेली जाते. तापलेल्या सुईची उष्णता तिच्या टोकाच्या पुढे फारशी जात नाही, ती सुईच्या बाजूने पसरते. त्यामुळे सुई नसेला आडवी न टेकवता नसेच्या समांतर ठेवावी लागते, आणि त्यासाठी एकाहून अधिक दिशांनी चित्र घेऊन जागा पडताळावी लागते. काही केंद्रांत सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या साहाय्यानेही सुई नेतात, तरी कंबरेसाठी सी-आर्मच अधिक वापरात आहे.

यानंतर दोन चाचण्या होतात. आधी 50 हर्ट्झचा सौम्य प्रवाह देऊन विचारतात की नेहमीच्या जागी दुखते किंवा दाब जाणवतो का. मग 2 हर्ट्झचा प्रवाह देऊन पाहतात. मणक्यालगतचा स्नायू ठकठक हलला तर जागा बरोबर असते. पाय हलला किंवा पायात झिणझिण्या गेल्या तर सुई मुख्य नसेच्या जवळ आहे असे समजून ती मागे घेतात. या क्षणी रुग्णाने खरे आणि स्पष्ट उत्तर देणे म्हणजे स्वतःचे संरक्षण करणे होय. म्हणूनच या उपचारात गाढ भूल देत नाहीत. फार तर हलके गुंगीचे औषध देतात, आणि ‘मला पूर्ण झोपवूनच करा’ असा आग्रह धरू नये. मग नसेजवळ भूल-औषध देऊन उष्णता दिली जाते. एका नसेला दीड-दोन मिनिटे, आणि तयारीसह सगळे मिळून साधारण 30 मिनिटे ते एक तास लागतो.

पायरी आठवी: घरी आल्यावर

दोन-तीन तास देखरेखीखाली ठेवून त्याच दिवशी घरी सोडतात. भूल-औषधामुळे पाय काही तास जड वाटू शकतो, म्हणून त्या दिवशी मोटरसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नये. चोपडा किंवा शिरपूरकडे परतताना दुचाकीवर मागे बसून येण्याऐवजी चारचाकी किंवा बसने यावे.

पहिले काही दिवस, कधी दोन आठवडेही, दुखणे आधीपेक्षा जास्त वाटू शकते. उन्हाने भाजल्यासारखी त्वचेची जळजळही काहींना होते. याने घाबरून ‘उपचार फसला’ असा निष्कर्ष काढू नये, कारण आराम बहुधा दोन ते चार आठवड्यांत हळूहळू येतो. सुईच्या जागी कापडात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटे ठेवता येतो. गरम शेक मात्र सुरुवातीला टाळावा. त्वचा बधिर असेल तर शेकाने भाजल्याचे कळत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास असतो आणि घामाने पट्टी ओली होते, तेव्हा ती बदलून जागा कोरडी ठेवावी. अंघोळ दुसऱ्या दिवसापासून करता येते. विहिरीत किंवा नदीत पोहणे काही दिवस टाळावे.

ताप, सुईच्या जागी पू किंवा वाढती लाली, पायात नव्याने आलेला अशक्तपणा, लघवी अडणे यांपैकी काही झाले तर फोनवर सल्ला घेत बसू नये, तातडीने तपासून घ्यावे. असे गंभीर प्रकार क्वचित होतात.

पायरी नववी: मोकळ्या महिन्यांचा उपयोग

गुण आला तर तो साधारण सहा महिने ते वर्षभर, काहींना त्याहून अधिक काळ टिकतो. नस हळूहळू पुन्हा वाढते आणि दुखणे परत येऊ शकते. म्हणजे हातात काही महिने वेदना कमी असलेले मिळतात, आणि ते कसे वापरले जातात यावर पुढची अवस्था बरीच अवलंबून असते. पहिल्या एक-दोन आठवड्यांनंतर रोज थोडे चालण्यापासून सुरुवात करावी, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पाठीचे, पोटाचे आणि कुल्ल्याचे स्नायू बळकट करणारे व्यायाम सुरू करावेत. दुखत नाही म्हणून पहिल्याच आठवड्यात खताची पोती उचलणारे लोक असतात. वेदना दबलेली असली तरी त्या सांध्याला आणि अशक्त स्नायूंना तो भार झेपत नाही.

वाकून उचलण्याची पद्धत बदलणे शेतातल्या माणसाला अवघड वाटते हे मला माहीत आहे, तरी काही गोष्टी शक्य आहेत. केळीचा घड एकट्याने जमिनीवरून उचलण्याऐवजी दोघांनी खांद्यापर्यंत चढवावा. कापूस वेचताना झोळी पोटाशी जड होऊ देऊ नये, ती लवकर रिकामी करावी आणि दर अर्ध्या तासाला ताठ उभे राहून कंबर मोकळी करावी. ट्रकचालकांनी सीटच्या पाठीशी कंबरेच्या खोलगट भागात घडी केलेला टॉवेल ठेवावा आणि दर दोन तासांनी खाली उतरून चालावे.

दुखणे परत आले आणि ते पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच प्रकारचे असेल, तर उपचार पुन्हा करता येतो. पहिल्या वेळी मिळालेला आराम किमान सहा महिने टिकला होता का, हे त्या वेळी पाहिले जाते. म्हणून पहिल्या उपचाराची तारीख, कोणत्या बाजूच्या कोणत्या नसांवर काम झाले, तापमान व वेळ किती होती आणि आराम केव्हापासून केव्हापर्यंत राहिला, हे सर्व डॉक्टरांकडून आणि स्वतःच्या नोंदीतून एका कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद एमआरआयच्या पाकिटातच ठेवावा. दुखण्याची जागा बदलली असेल, ते आता पायात उतरत असेल किंवा सोबत ताप आणि वजन घटणे असेल, तर जुन्याच नसा पुन्हा जाळण्याची मागणी करू नये. तपासणी पहिल्या पायरीपासून नव्याने करून घ्यावी.